पावसातील मोटारींचे छायाचित्रण

पावसातील मोटारींचे छायाचित्रण म्हणजे पाऊस पडत असताना किंवा तो नुकताच थांबल्यावर ओल्या परिसरातील उभ्या अथवा धावत्या मोटारींची छायाचित्रे घेणे होय. ही छायाचित्रणाची स्वतंत्र शाखा मानली जात नाही. वाहनांच्या जाहिराती, मोटार शर्यतींचे वार्तांकन, रस्त्यावरील जीवनाचे छायाचित्रण आणि पूरस्थितीचे वृत्तछायाचित्रण या चारही क्षेत्रांत तिचा वापर होतो. पाण्यामुळे रस्ता आरशासारखा चमकतो, दिव्यांचा प्रकाश दिसण्याजोगा होतो आणि चाकांमागे उडणाऱ्या तुषारांमुळे वेग डोळ्यांना जाणवतो. म्हणूनच कोरड्या दिवशी सामान्य वाटणारे दृश्य पावसात छायाचित्रणयोग्य ठरते. मात्र चित्र समृद्ध करणारे हेच घटक चालकाची दृष्टी कमी करतात आणि टायरची रस्त्यावरील पकड सैल करतात. छायाचित्रकाराला हवी असलेली परिस्थिती आणि चालकाला नको असलेली परिस्थिती बहुधा एकच असते. या विषयातील तांत्रिक व सुरक्षाविषयक बहुतेक प्रश्न याच विसंगतीतून निर्माण होतात.

ओला रस्ता आणि परावर्तन

कोरड्या डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि रस्ता करडा दिसतो. पावसाचे पाणी खडीच्या मधल्या फटी भरून काढते व वर एक पातळ, गुळगुळीत थर तयार करते. त्यानंतर दोन गोष्टी घडतात. रस्त्याच्या खोलवर शिरलेल्या प्रकाशाचा बराच भाग पाण्याच्या थरातच आतल्या आत परावर्तित होत राहून शोषला जातो. त्यामुळे रस्ता काळपट होतो. दुसरीकडे, थराच्या वरच्या पृष्ठभागावरून आरशाप्रमाणे नियमित परावर्तन होऊ लागते. काळ्या पार्श्वभूमीवर उजळ प्रतिबिंब, हा ओल्या रस्त्याच्या छायाचित्रांचा परिचित परिणाम या दोन क्रियांच्या संयोगातून मिळतो.

परावर्तनाचे प्रमाण प्रकाश किती तिरपा येतो यावर अवलंबून असते. पाण्याकडे सरळ वरून पाहिल्यास त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे २ टक्केच प्रकाश परावर्तित होतो. नजर जसजशी पृष्ठभागाला समांतर होत जाते, तसतसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, म्हणजे साधारण दीड मीटरवरून, आठ मीटर अंतरावरील डबक्याकडे पाहिले, तर सुमारे एक तृतीयांश प्रकाश परावर्तित झालेला दिसतो. तोच कॅमेरा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणला, तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. अनुभवी छायाचित्रकार पावसात गुडघ्यांवर बसून किंवा कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवून छायाचित्र घेतात, त्यामागील भौतिक कारण हे आहे. डबके मोठे असण्याची गरज नसते. योग्य कोनातून पाहिल्यास परातीएवढ्या डबक्यातही संपूर्ण मोटारीचे प्रतिबिंब सामावते.

प्रतिबिंबाचा आकार पाण्याच्या शांततेवर ठरतो. पाऊस थांबल्यानंतर वारा नसताना मोटारीची स्पष्ट, उलटी प्रतिमा मिळते. पाऊस चालू असताना मात्र थेंबांमुळे पृष्ठभाग सतत हलत राहतो आणि समोरच्या दिव्यांची प्रतिबिंबे कॅमेऱ्याच्या दिशेने लांब ओढलेल्या पट्ट्यांसारखी दिसतात. दोन्हींपैकी कोणते चित्र चांगले, हे हेतूवर अवलंबून आहे. मोटारीच्या रेषा दाखवायच्या असतील तर पाऊस थांबण्याची वाट पाहिली जाते. पावसाची जाणीव द्यायची असेल तर लांबट पट्टेच अधिक उपयोगी पडतात.

मोटारीच्या पत्र्यावरही असेच बदल होतात. मोटारीचा रंगीत पत्रा हा मूलतः वक्र आरसा असतो आणि त्यात आजूबाजूचे खांब, इमारती, कधी खुद्द छायाचित्रकारही उमटतो. भर उन्हात या वक्रांवर सूर्याचे झगझगीत ठिपके पडतात. ढगाळ आकाश मात्र एका प्रचंड, एकसारख्या प्रकाशस्रोतासारखे काम करते. बॉनेट व टपावर त्याचे मऊ, पांढरट प्रतिबिंब पडते आणि पत्र्याच्या घड्या स्पष्ट होतात. स्टुडिओमध्ये मोटारीवर मोठे पांढरे पडदे टांगून जो परिणाम साधला जातो, तो पावसाळी आकाश फुकट देते. मेण किंवा तत्सम लेप दिलेल्या पत्र्यावर पाण्याचे गोल, सुटे मणी उभे राहतात. जुन्या, निस्तेज पत्र्यावर तेच पाणी पसरते व ओघळते. मोटारीची निगा कशी राखली आहे हे पावसातील छायाचित्र न सांगता सांगून जाते.

ध्रुवक फिल्टरचा उपयोग

पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश अंशतः ध्रुवित असतो. पृष्ठभागाच्या लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ पूर्णपणे ध्रुवित होतो. भिंगापुढे बसवलेला ध्रुवक फिल्टर फिरवून असा प्रकाश अडवता येतो. पुढच्या काचेवरील आकाशाची चमक काढून आतील माणसे दाखवण्यासाठी किंवा ओल्या पत्र्याचा मूळ रंग गडद करण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

पावसात मात्र हा फिल्टर विचार करून वापरावा लागतो. रस्ता आडवा असतो आणि मोटारीचे दरवाजे उभे असतात. त्यामुळे दोन्हींवरून येणाऱ्या परावर्तित प्रकाशाचे ध्रुवण साधारणपणे परस्परांना काटकोनात असते. फिल्टर ज्या स्थितीत दरवाजावरील चमक काढतो, त्या स्थितीत रस्त्यावरील प्रतिबिंब बहुतांशी टिकते. नव्वद अंश फिरवल्यास नेमके उलटे घडते. अनेक नवशिके फिल्टर लावून रस्त्याची चमक काढून टाकतात आणि पावसात बाहेर पडण्याचे प्रयोजनच घालवून बसतात. शिवाय हा फिल्टर निम्म्याहून अधिक प्रकाश खातो. आधीच अंधारलेल्या दिवशी ही किंमत लहान नसते. क्रोमचा मुलामा असलेल्या भागांवरील चमक त्याने फारशी कमी होत नाही, कारण उघड्या धातूवरून होणाऱ्या परावर्तनात असे ध्रुवण नगण्य असते.

पावसाचे थेंब आणि शटरचा वेग

पाऊस डोळ्यांना दिसतो तसा छायाचित्रात आपोआप उतरत नाही. मुसळधार पावसात काढलेले चित्र पाहताना नुसतेच धुरकट वातावरण दिसावे आणि पाऊस कुठेच नसावा, असा अनुभव सर्रास येतो. थेंब पारदर्शक असल्यामुळे ते फिकट आकाशासमोर दिसत नाहीत. गडद पार्श्वभूमी, उदाहरणार्थ झाडी, भिंत किंवा काळ्या रंगाची मोटार, आणि मागून किंवा तिरप्या बाजूने येणारा प्रकाश असेल तर मात्र ते उजळतात. थेंब आपल्यात शिरलेला प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने वळवतो. म्हणून समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांच्या झोतात पाऊस स्पष्ट दिसतो, तर छायाचित्रकाराच्या पाठीमागून प्रकाश असल्यास तो जवळजवळ नाहीसा होतो.

थेंबाची लांबी शटरच्या वेगावर ठरते. २ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने पडतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात तो साडेसहा मिलिमीटर सरकतो आणि चित्रात लहानसा ठिपका किंवा आखूड रेघ उमटते. अडीचशेव्या भागात ही रेघ सुमारे अडीच सेंटिमीटरची, तर साठाव्या भागात सुमारे ११ सेंटिमीटरची होते. वेग याहून बराच कमी केल्यास रेघा इतक्या लांब व फिक्या होतात की त्या एकमेकींत मिसळून पाऊस धुक्यासारखा भासतो. त्यामुळे पाऊस दाखवण्यासाठी साठाव्या ते अडीचशेव्या भागापर्यंतचे वेग बहुधा निवडले जातात.

कॅमेऱ्यावरील फ्लॅश पावसात सहसा टाळला जातो. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. कॅमेऱ्यापासून अर्ध्या मीटरवरील थेंबाला पाच मीटरवरील मोटारीपेक्षा शंभरपट प्रकाश मिळतो आणि चित्रभर पांढऱ्या चकत्या उमटतात. फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, मोटारीच्या मागे ठेवून तो कॅमेऱ्याच्या दिशेने उडवल्यास हाच दोष गुण ठरतो. मोटारीच्या कडेने प्रकाशाची रेषा उमटते आणि पत्र्यावर आपटून फुटणाऱ्या थेंबांचे वलय दिसते.

प्रकाशमापनातही अडचणी येतात. कॅमेऱ्यातील मापक दृश्याला सरासरी करडे समजतो. चौकटीत काळा ओला रस्ता अधिक असेल तर चित्र गरजेपेक्षा उजळ होते. समोर दिवे किंवा आकाशाची चमक अधिक असेल तर ते काळवंडते. दिव्यांभोवतीचा तपशील एकदा पूर्ण पांढरा झाला की नंतरच्या संस्करणात तो परत आणता येत नाही. म्हणून रात्रीच्या पावसात चित्र किंचित अंधारे ठेवण्याकडे कल असतो.

धावती मोटार

धावत्या मोटारीबरोबर कॅमेरा त्याच गतीने फिरवत छायाचित्र घेण्याच्या पद्धतीला पॅनिंग म्हणतात. मोटार तुलनेने स्पष्ट राहते आणि पार्श्वभूमी आडव्या रेषांत विरघळते. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे २८ सेंटिमीटर पुढे जाते आणि तिचे चाक साधारण एक अष्टमांश फेरी पूर्ण करते. चाकाच्या आऱ्या पुसट होऊन ते फिरत असल्याचे जाणवण्यास एवढे पुरे असते. हजाराव्या भागात हेच चाक जेमतेम तीन अंश फिरते. मग मोटार उभी आहे की धावत आहे, हे केवळ मागे उडणाऱ्या पाण्यावरून ओळखावे लागते.

पावसात हा मागचा फवाराच चित्राचा खरा विषय होतो. टायरच्या खाचा रस्त्यावरील पाणी उचलून मागे व बाजूंना फेकतात. त्यातील मोठे थेंब लगेच खाली पडतात, बारीक तुषार मात्र मोटारीमागील हवेच्या भोवऱ्यात अडकून लोंबकळत राहतात. बाजूने पाहिल्यास फवारा शेपटीसारखा, समोरून पाहिल्यास मोटारीच्या दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखा दिसतो. सूर्य ढगांआडून क्षणभर डोकावला आणि तो छायाचित्रकाराच्या पाठीशी असला, तर त्यात इंद्रधनुष्यही उमटते.

स्वयंचलित फोकस अशा वेळी हमखास फसतो. कॅमेरा मोटारीऐवजी जवळच्या तुषारांवर किंवा काचेवरील वायपरवर स्थिरावतो. त्यावर उपाय म्हणून नंबर प्लेट, दिव्याची कड किंवा जाळी यांसारख्या ठळक रेषांवर फोकसबिंदू ठेवला जातो. मोटार जेथून जाणार हे निश्चित असेल, तर रस्त्यावरील एखाद्या खुणेवर आधीच हाताने फोकस करून वाट पाहण्याची जुनी पद्धत अजूनही विश्वासार्ह आहे.

एलईडी दिव्यांमुळे एक नवी अडचण उद्भवली आहे. अनेक मोटारींचे मागचे व दिवसा लागणारे दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात. डोळ्यांना ते अखंड वाटतात, पण शटरचा वेग फार जास्त असेल तर चित्रात दिवा विझलेला दिसू शकतो. लागोपाठ अनेक छायाचित्रे घेऊन त्यांतील योग्य ते निवडणे हा सोपा मार्ग आहे.

रात्रीचा पाऊस आणि शहर

रात्री ओला रस्ता शहरातील प्रत्येक दिव्याची दुसरी प्रत तयार करतो. सिग्नलचा लाल-हिरवा, दुकानांच्या पाट्यांचा निळा आणि मोटारींचा पिवळसर पांढरा प्रकाश एकाच पृष्ठभागावर मिसळतो. रस्त्यावरील दिव्यांचा रंग बदलला की त्या शहराच्या पावसाळी चित्रांचा रंगही बदलतो. २०१५ मध्ये मुंबईतील मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे बदलून पांढरे एलईडी दिवे बसवण्यात आले, तेव्हा त्यावरून सार्वजनिक वाद झाला होता.

मुंबईच्या पावसाळी छायाचित्रांत काळी-पिवळी टॅक्सी हा दीर्घकाळ ठरलेला विषय होता. करड्या आकाशाखाली, काळ्या रस्त्यावर तिचा पिवळा टप लांबूनही उठून दिसे, आणि काळे अंग रस्त्यात मिसळून जाई. प्रीमिअर पद्मिनी बनावटीची शेवटची नोंदणीकृत टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. काळी-पिवळी रंगसंगती नव्या बनावटीच्या टॅक्सींवर टिकून असली, तरी पद्मिनीच्या चौकोनी बांध्याची पावसातील छायाचित्रे आता दस्तऐवज म्हणूनही पाहिली जातात.

काचेआडून पाहणे

मोटार हा विषय असतो, तसेच ते पाहण्याचे ठिकाणही असते. पावसाने भिजलेल्या काचेतून बाहेरचे जग टिपण्याची एक स्वतंत्र परंपरा आहे. काचेवरील प्रत्येक थेंब लहानसे भिंग असतो आणि त्यात बाहेरचे दृश्य उलटे दिसते. थेंबांवर फोकस करून छिद्र मोठे ठेवले की मागील मोटारींचे दिवे मोठ्या, मऊ चकत्यांत बदलतात. छिद्र लहान केले की थेंब आणि रस्ता दोन्ही एकमेकांवर चढतात व चित्र गजबजते.

अमेरिकन छायाचित्रकार सॉल लायटर (१९२३–२०१३) यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून न्यू यॉर्कमधील रस्ते रंगीत फिल्मवर टिपले. ओल्या काचा, वाफेने धूसर झालेल्या खिडक्या, टॅक्सीचा एखादा तुकडा आणि छत्र्या हे त्यांचे आवडते घटक होते. त्यांचे हे काम पुष्कळ उशिरा, २००६ मध्ये पुस्तकरूपाने आल्यानंतर, व्यापक वाचकांपर्यंत पोहोचले. इराणी चित्रपट दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी (१९४०–२०१६) यांच्या अनेक चित्रपटांत मोटारीचा अंतर्भाग महत्त्वाचा आहे. पावसात मोटारीच्या पुढच्या काचेतून टिपलेल्या दृश्यांची छायाचित्रमालाही त्यांनी केली. अमेरिकेतील टॉड हिडो यांनीही ओल्या व धुरकट काचेतून दिसणारे निर्मनुष्य रस्ते हा विषय सातत्याने हाताळला आहे.

मुंबईशी थेट संबंध असलेले उदाहरण म्हणजे स्टीव्ह मॅककरी यांनी १९९३ मध्ये टिपलेले छायाचित्र. त्यात पावसात भिजलेली एक स्त्री मुलाला कडेवर घेऊन टॅक्सीच्या बंद काचेशी उभी आहे आणि छायाचित्रकार आत, कोरड्यात आहे. काचेवरील पाणी येथे केवळ सौंदर्याचा घटक राहत नाही. आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न ते पाहणाऱ्यासमोर ठेवते. भारतीय छायाचित्रकार रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांनी अँबॅसेडर मोटारीच्या खिडक्या, दरवाजे व आरसे यांच्या चौकटींतून देशभर टिपलेली छायाचित्रे त्यांच्या निधनानंतर २००२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती सर्व पावसातील नाहीत, परंतु मोटारीच्या काचेचा चौकटीसारखा वापर समजून घेण्यासाठी ती उपयुक्त आहेत.

अशी छायाचित्रे चालकाने घेऊ नयेत. वायपरची पाती काच पुसतात त्या अर्ध्या क्षणात चित्राचा विचार करणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर नसते. मागे बसलेला प्रवासी किंवा सुरक्षित जागी उभ्या असलेल्या मोटारीतील व्यक्तीच हे काम करू शकते.

मोटार शर्यती

पावसातील शर्यतींची छायाचित्रे नाट्यमय असतात आणि तेथेच छायाचित्रकार व चालक यांच्या दृष्टीतील फरक सर्वांत तीव्र होतो. फॉर्म्युला वनमध्ये पूर्ण ओल्या रस्त्यासाठी वापरला जाणारा एक टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटरपर्यंत पाणी दूर फेकू शकतो, अशी माहिती पिरेली या टायर उत्पादक कंपनीने दिलेली आहे. हे पाणी मागून येणाऱ्या चालकासमोर पांढऱ्या भिंतीसारखे उभे राहते. कडेला उभ्या असलेल्या छायाचित्रकाराला त्याच भिंतीतून एकामागून एक मोटारी बाहेर पडताना दिसतात. मागच्या मोटारींतील चालकांना बहुधा पुढच्या मोटारीचा लाल दिवाच तेवढा दिसतो. ओल्या परिस्थितीत तो लावणे त्यासाठीच बंधनकारक असते.

२४ ऑक्टोबर १९७६ रोजी जपानमधील फुजी येथील शर्यत पाऊस आणि धुक्यात सुरू झाली. त्याच वर्षी भीषण अपघातात भाजलेले निकी लाउडा यांनी परिस्थिती धोकादायक असल्याचे सांगून दोन फेऱ्यांनंतर माघार घेतली आणि जेम्स हंट यांनी एका गुणाच्या फरकाने विश्वविजेतेपद मिळवले. ३ जून १९८४ रोजी मोनाकोतील शर्यत पावसामुळे निम्मे अंतर होण्याआधीच थांबवण्यात आली. आयर्टन सेना यांनी त्या पावसात दुसरे स्थान मिळवले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी सुझुका येथे पावसात आणि कमी होत चाललेल्या प्रकाशात ज्यूल बियांकी यांची मोटार घसरून अपघातग्रस्त वाहन उचलणाऱ्या यंत्रावर आदळली. पुढील वर्षी जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. २०२१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे तर संपूर्ण शर्यत सुरक्षा मोटारीमागील मोजक्या फेऱ्यांपुरतीच झाली. पावसातील शर्यतींची छायाचित्रे पाहताना ही बाजू दिसत नाही, कारण छायाचित्र कडेवरून घेतलेले असते.

भारतात पावसाळा मुद्दाम निवडून भरवल्या जाणाऱ्या वाहनस्पर्धांपैकी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही खडतर मार्गावरील स्पर्धा २०१४ पासून गोव्यात झाली. तेथे वेगापेक्षा चिखल, ओढे व दोरखंडांनी ओढली जाणारी वाहने हे छायाचित्रांचे विषय असतात.

कृत्रिम पाऊस

जाहिराती आणि चित्रपटांत खरा पाऊस क्वचितच वापरला जातो. उंचावर बसवलेल्या नळ्यांतून पाणी पाडले जाते आणि ते दिसावे म्हणून मागून प्रकाश दिला जातो. पावसाचे दृश्य नसतानाही रात्रीच्या चित्रीकरणापूर्वी रस्ता पाण्याने भिजवून घेण्याची पद्धत चित्रपटसृष्टीत सर्वत्र रूढ आहे, कारण कोरडा रस्ता रात्री चौकटीत काळे भोक होऊन बसतो. पत्र्यावरील मण्यांसाठी पाण्यात ग्लिसरीन मिसळून ते फवारले जाते. हे थेंब घसरत नाहीत व दिव्यांच्या उष्णतेत लवकर सुकत नाहीत. जाहिरातीतील मोटारीवरचे थेंब फारच सारख्या आकाराचे आणि आपापल्या जागी स्वस्थ बसलेले दिसले, तर ते आकाशातून पडलेले नसण्याची शक्यता अधिक.

घाट आणि पूर

सह्याद्रीतील माळशेज, ताम्हिणी, आंबोली यांसारखे घाट पावसाळ्यात धबधबे व धुक्यामुळे छायाचित्रकारांना आकर्षित करतात. ढगांत शिरलेल्या वळणावर दिवे लावून येणारी एकच मोटार, हे या घाटांतील लोकप्रिय चित्र आहे. परंतु वळणावर मोटार थांबवून किंवा रस्त्याच्या मध्यभागी उभे राहून घेतलेले असे चित्र धुक्यातून मागाहून येणाऱ्या वाहनाला जीवघेणे ठरू शकते. दरडी कोसळण्याचा धोका वेगळाच. गर्दीच्या काळात अशा ठिकाणी थांबण्यावर प्रशासन वेळोवेळी निर्बंध घालते. रुंद, आखून दिलेल्या थांब्यावरून लांब पल्ल्याच्या भिंगाने चित्र घेतल्यास धुक्याचे थर एकमेकांजवळ येतात आणि चित्र उलट अधिक दाट होते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. टपापर्यंत बुडालेल्या मोटारींच्या रांगा हे त्या दिवसाचे दृश्य अनेकांच्या स्मरणात छायाचित्रांमुळेच राहिले आहे. अशा चित्रांत मोटार हे पाण्याची खोली सांगणारे मोजमाप ठरते. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत, दरवाजाच्या मुठीपर्यंत की टपापर्यंत आहे, हे पाहणाऱ्याला आकडा न देताही कळते.

पुरात सापडलेल्या मोटारीची छायाचित्रे विम्याच्या दाव्यासाठीही उपयोगी पडतात. नंबर प्लेट, पाण्याची कमाल पातळी दाखवणारी चिखलाची रेघ, आतील आसने व डॅशबोर्ड आणि परिसराची ओळख पटेल असे एक दूरचे दृश्य मोटार हलवण्यापूर्वी टिपून ठेवणे हिताचे असते. केवळ तृतीय पक्ष विम्यात पुराचे नुकसान भरून मिळत नाही. पाण्यात अडकलेल्या मोटारीचे इंजिन चालू करण्याचा प्रयत्न केल्यास सिलिंडरमध्ये पाणी शिरून ते निकामी होऊ शकते, आणि असे नुकसान इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसल्यास बहुधा नाकारले जाते.

साचलेल्या पाण्यात छायाचित्रासाठी उतरणे अत्यंत धोक्याचे आहे. उघडी मॅनहोल आणि तुटलेल्या विजेच्या तारा पाण्याखाली दिसत नाहीत. २९ ऑगस्ट २०१७ रोजीच्या अतिवृष्टीत मुंबईतील एका ज्येष्ठ डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला होता. पुलावरून, जिन्यावरून किंवा इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून घेतलेले चित्र पाण्याची व्याप्तीही अधिक चांगली दाखवते.

उपकरणांची निगा

काही कॅमेऱ्यांच्या व भिंगांच्या सांध्यांना रबरी पट्ट्या लावून ते पाण्याच्या तुषारांपासून सुरक्षित केलेले असतात. याचा अर्थ ते जलरोधक असतात असा नाही, आणि पाणी शिरून झालेले नुकसान उत्पादकाच्या हमीत सहसा येत नाही. साधी प्लास्टिकची पिशवी भिंगाच्या तोंडाशी रबराने बांधली तरी बरेच काम भागते. भिंगावरील हूड केवळ उन्हासाठी नसून पावसात पुढची काच कोरडी ठेवण्यासाठी तितकाच आवश्यक आहे. रुंद दृष्टिकोनाच्या भिंगावर, विशेषतः छिद्र लहान असताना, काचेवरील थेंब चित्रात डाग म्हणून स्पष्ट दिसतो. लांब पल्ल्याच्या भिंगावर तो डाग न पडता सगळीकडे फिकटपणा आणतो आणि म्हणून उशिरा लक्षात येतो. उघड्यावर भिंग बदलणे टाळावे.

वातानुकूलित मोटारीतून कोकणातील किंवा मुंबईतील दमट हवेत कॅमेरा एकदम बाहेर काढला की थंड काचेवर बाष्प जमते. ते पुसून काही उपयोग नसतो, कारण काच थंड असेपर्यंत ते पुन्हा जमते. कॅमेरा बंद पिशवीत ठेवून ती बाहेरच्या हवेत काही वेळ राहू द्यावी, म्हणजे बाष्प पिशवीवर जमते आणि आतील काच हळूहळू बाहेरच्या तापमानाला येते. मोटारीतून निघण्यापूर्वी थोडा वेळ वातानुकूलन बंद करून खिडक्या उघडणे हाही सोपा उपाय आहे.

पावसाळ्यातील दमटपणामुळे भिंगांच्या आत बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, काचेवरील लेप खराब करते आणि एकदा खोल गेली की साफ करूनही व्रण राहतात. भिजलेला कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून ठेवणे हे तिला आमंत्रणच असते. उपकरणे आधी कोरड्या फडक्याने टिपून, पंख्याखाली वाळवून, नंतर सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखणारी विजेवरची कपाटेही मिळतात. सिलिका जेलचे दाणे रंग बदलू लागले की त्यांनी पुरेसा ओलावा शोषलेला असतो. तव्यावर किंवा ओव्हनमध्ये मंद आचेवर तापवून ते पुन्हा वापरता येतात, मात्र खाण्याच्या भांड्यांसाठी तोच तवा वापरू नये.